अरबी की कुर्दी? लसीच्या कार्डावरच्या दोन चौकटी आणि शबकी बोलणारी ओळ

(छावणी, संस्था आणि माणसे यांची नावे दिलेली नाहीत. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

२०१५ च्या सप्टेंबरात इराकमध्ये पटकीची साथ सुरू झाली. नजफ, दिवानिया आणि बगदादच्या पश्चिमेकडचा पट्टा इथे ती आधी दिसली आणि नंतर देशभर पसरली. दोन हजारांवर लोकांना लागण झाली. युद्धामुळे घरे सोडलेली लाखो माणसे तेव्हा छावण्यांत होती. एकेका नळावर कित्येक कुटुंबे, सामाईक शौचालये, टँकरचे पाणी. साथ तिथे शिरली तर आवरणे कठीण, म्हणून ऑक्टोबरअखेरपासून छावण्यांमध्ये तोंडातून घ्यायची लस द्यायला सुरुवात झाली. डोस दोन, मध्ये किमान दोन आठवड्यांचे अंतर.

मी तेव्हा इराकी कुर्दिस्तानातल्या अर्बीलजवळच्या एका छावणीत काम करत होते. लस देणे माझे काम नव्हते. लस कधी, कुठे, कशासाठी, पाणी कसे साठवायचे, जुलाब लागले तर जलसंजीवनी कशी करून पाजायची, हे लोकांपर्यंत त्यांच्या भाषेत पोचवणे हे माझे काम. पुण्यात भाषाशास्त्र शिकले होते, म्हणून ही जबाबदारी माझ्याकडे आली. लसीच्या कार्डाचा मसुदाही मीच केला होता. पुढे जे घडले त्यात त्या कार्डाचा वाटा मोठा आहे.

छावणीत बहुतेक कुटुंबे निनवे प्रांतातली अरब होती. तंबूंच्या दोन ओळी मात्र शबक कुटुंबांच्या होत्या. शबक हा मोसुलच्या पूर्वेला, तैग्रिस आणि खाझिर या नद्यांच्या मधल्या सपाट मुलखात राहणारा समाज. बर्तल्ला, बाशिका या गावांच्या आसपास त्यांची वस्ती. त्यांच्यातले बहुसंख्य शिया, बाकीचे सुन्नी. जून २०१४ मध्ये मोसुल पडले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निनवेचा सपाट मुलूखही ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती गेला. गावेच्या गावे रिकामी झाली. शिया शबकांपैकी बरेचसे दक्षिणेला, नजफ-करबलाकडे गेले. आमच्या छावणीतले सुन्नी होते. मोसुलपासून अर्बील रस्त्याने जेमतेम ऐंशी किलोमीटर, पण हे अंतर तोडायला कुणाला दोन दिवस लागले होते, कुणाला आठवडा.

त्या एका मुलखात किती भाषा नांदतात हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. बर्तल्ला आणि कराकोशचे ख्रिस्ती लोक घरात आजची अरामी, म्हणजे सुरेत, बोलतात. बाशिका-बहझानीचे यझिदी अरबी बोलतात, तर त्यांचेच शेखान भागातले धर्मबंधू कुर्मांजी कुर्दी बोलतात. तुर्कमेन गावे आहेत. खुद्द मोसुल शहराची अरबी बगदादच्या अरबीहून वेगळी. शबकांच्या जुन्या पंथाचा पवित्र ग्रंथ ‘बुयुरुक’ तुर्कीत आहे. शाळा अरबीत, २००३ नंतर काही गावांत कुर्दीतही. घरात मात्र शबकी. शेती सोडून मालमोटारी चालवायला किंवा मोसुलच्या बाजारात कामाला जाणारे शबक पुरुष दोन-तीन भाषा सहज बोलतात. आमच्या ओळीतल्या म्हाताऱ्या बायका गावाबाहेर फारशा पडलेल्याच नव्हत्या.

अडचण

पहिल्या फेरीत आम्ही दोन भाषांत निरोप दिला, अरबी आणि सोरानी कुर्दी. सोरानी ही अर्बील-सुलेमानियाची कुर्दी आणि आमचे बहुतेक स्वयंसेवक अर्बीलचे. पिकअपवर भोंगा लावून छावणीभर फिरवला, पत्रके वाटली. बाकीच्या ओळींतून लोक आले. शबकांच्या ओळींतून पुरुष आले, मोठी मुले आली. म्हाताऱ्या बायका आणि त्यांच्याकडे सांभाळायला ठेवलेली लहान मुले फार कमी आली. लसीचा सर्वांत जास्त उपयोग होणार होता तो नेमका या लहानग्यांना.

पहिला अंदाज भाषेचा होता आणि तो अर्धाच बरोबर निघाला. एका तंबूत मी आणि एक स्वयंसेविका बसलो. तिथल्या आजींना सगळे ‘खाला’, म्हणजे मावशी, म्हणत, मीही तेच म्हणू लागले. त्यांना ध्वनिमुद्रित निरोप ऐकवला आणि ‘काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे त्यांच्या नातवाकरवी विचारले. ‘समजलं का?’ असे विचारण्यात अर्थ नसतो, माणसे भिडेखातर हो म्हणतात. अरबी निरोपातून खालांना कळले ते असे: पाणी खराब आहे, नावे लिहून घेणार आहेत. सोरानी निरोपातून: डॉक्टर आलेत, गाडी येणार आहे. लस, दोन डोस, दोन आठवडे, मुले, यातले काहीच नाही.

नावे आणि गाडी. हेच दोन शब्द का उरले, ते त्यांनी मग स्वतःहून सांगितले.

१७ ऑक्टोबर १९८७ ला इराकमध्ये जनगणना झाली. तिच्यात ‘कौम’ या रकान्यात दोनच उत्तरे चालत, अरब किंवा कुर्द. शबक, यझिदी, ख्रिस्ती, सगळ्यांनी या दोनांतून निवडायचे. ‘कुर्द’ लिहिणाऱ्या अनेक शबक कुटुंबांवर पुढच्या वर्षी अन्फाल या कुर्दांविरुद्धच्या सरकारी लष्करी मोहिमेच्या काळात सैन्य आले. घरे पाडली आणि माणसांना मोटारींत घालून कुर्दिस्तानातल्या वसाहतींत नेऊन टाकले. खालांच्या घरात दोन सख्ख्या भावांनी दोन वेगळी उत्तरे दिली होती. त्यांच्या नवऱ्याने ‘अरब’ लिहिले म्हणून त्या गावात राहिल्या. दिराचे घर गेले. दिराची बायको जाताना आपली कोंबड्यांची खुराडी यांच्या अंगणात ठेवून गेली होती, ती परत न्यायला कधी आली नाही.

माझ्या कार्डावर ‘भाषा’ असे लिहून पुढे दोन चौकटी होत्या, अरबी आणि कुर्दी. हेतू एवढाच की दुसऱ्या फेरीचा निरोप कोणत्या भाषेत द्यायचा ते कळावे. पण अरबीत ‘अरबी’ म्हणजे अरबी भाषाही आणि अरब माणूसही, ‘कुर्दी’चेही तसेच. टेबलावर बसलेला तरुण घाईत प्रत्येकाला विचारत होता, ‘अरबी लो कुर्दी?’ अरबी की कुर्दी? खालांच्या कानांना तो अठ्ठावीस वर्षांपूर्वीचाच प्रश्न होता. शेवटच्या अक्षरापर्यंत तोच. आणि त्यानंतर भोंगा लावलेली गाडी.

शबकी नेमकी कुठे बसते

संध्याकाळी आमच्या बैठकीत स्वयंसेवकांचे मत स्पष्ट होते: शबकी ही कुर्दीचीच बोली आहे, सोरानी हळू बोललो तर कळेल. हे मत टाकाऊ नव्हते. शबकांमधल्या बऱ्याच लोकांना स्वतःला कुर्द म्हणवून घेण्यात अभिमान वाटतो. बऱ्याच जणांना आपण वेगळा समाज आहोत असे वाटते. काही स्वतःला अरब म्हणवतात. यांपैकी कुणालाही चूक ठरवण्याचा अधिकार मला नाही. मी कोण आहे हे माणूस स्वतः ठरवतो. पण शब्दांची घडण ही वेगळी बाब आहे आणि ती तपासता येते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लिखाणात शबकीला फारसी, अरबी, कुर्दी आणि तुर्की यांची मिसळ म्हटलेले आढळते. उसन्या शब्दांकडे पाहिले तर तसे वाटतेच. १९५६ मध्ये ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ डी. एन. मॅकेन्झी यांनी ‘बाजलानी’ या नावाने मोसुल भागातल्या या बोलण्याचे व्याकरण मांडले. वरचा उसना थर बाजूला केला की खाली गोरानी गटाची नीट, नियमबद्ध भाषा आहे, हे त्यातून पुढे आले. याच गटात इराण-इराक सीमेवरच्या डोंगरांतली हवरामी, मोठ्या झाब नदीकाठच्या काकाई या धार्मिक समाजाच्या गावांतली सारली आणि बाजलानी येतात. तुर्कस्तानातल्या झाझाकीचे या गटाशी बरेच साम्य आहे. दोन्ही एका शाखेत घालाव्यात का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कुर्दीही वायव्य इराणी, या भाषाही वायव्य इराणी. बहिणी म्हणा हवे तर, पण एकीच्या पोटी दुसरी जन्मलेली नाही.

खूण कशी पटते ते मराठी माणसाला समजायला सोपे आहे, कारण त्याच खुणा आपल्या तोंडात आहेत. हिंदीत बीस, बाघ, बिच्छू. मराठीत वीस, वाघ, विंचू. शब्दाच्या सुरुवातीचा जुना ‘व’ हिंदीने ‘ब’ केला, आपण राखला. इराणी भाषांतही तसेच झाले. वाऱ्याला सोरानीत ‘बा’, हवरामीत ‘वा’. पावसाला सोरानीत ‘बारान’, हवरामीत ‘वारान’. कुर्दी ‘ब’च्या बाजूला, गोरानी गट ‘व’च्या बाजूला. जुन्या ‘य’चेही असेच. संस्कृत यव, हवरामीत ‘यवा’, सोरानीत ‘जो’. इथे मराठीचा ‘जव’ कुर्दीच्या बाजूला जाऊन बसतो.

मला सगळ्यांत आवडते ते दार. कुर्मांजीत ‘देरी’, सोरानीत ‘दर्गा’, फारसीत ‘दर’, मराठीत दार. हवरामीत मात्र ‘बरा’. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा शब्द कुठून तरी भलतीकडून आला असे वाटते. पण ‘द्वार’मधल्या ‘द्व’चा कुणी ‘द’ ठेवला, कुणी ‘ब’ केला, एवढेच. आपण एकाच भाषेत दोन्ही केले: दोन म्हणतो आणि बे एके बे म्हणतो, बारा म्हणतो, बावीस म्हणतो.

दुसऱ्या दिवशी मी असे चाळीसेक शब्द घेऊन ओळीत बसले. शबक घरांतल्या एका तरुण शिक्षिकेने ते सांगितले, खालांनी मध्येमध्ये दुरुस्त केले. व, य, ब या सगळ्या ठिकाणी शबकी हवरामीच्या बाजूला पडत गेली. वहीतले ते पान अजून माझ्याकडे आहे.

मग अर्बीलच्या मुलांना ती आपलीच बोली का वाटत होती? याचेही कारण आहे. सोरानीत नामाच्या शेवटी ‘-अका’ लावतात, ‘तो अमुक’ अशा अर्थी. गोरानी गटातही तोच प्रत्यय आहे, कुर्मांजीत तो नाही. मॅकेन्झींचे म्हणणे असे की सोरानी ज्या मुलखात पसरली तिथे आधी गोरानी बोलली जात होती आणि जुन्या भाषेने नव्या भाषेवर ठसे सोडले. अर्दलान या कुर्द राजघराण्याच्या दरबारात कविता गोरानीत होत असे. मौलवी तावगोझींसारखा मोठा कवी एकोणिसाव्या शतकातही गोरानीत लिहीत होता. शेजार इतका जुना की कुणाचे काय कुणाकडे आले ते ओळखायला बारकाईने पाहावे लागते. सोरानी ऐकणाऱ्याच्या कानाला शेवट ओळखीचा लागतो, मधला शब्द निसटतो, आणि ‘कळतंय की’ असा भास होतो. खालांना सोरानी ऐकताना उलट बाजूने तोच भास झाला असणार.

पर्याय

दुसऱ्या फेरीला बारा दिवस उरले होते. समोर चार वाटा होत्या.

अरबी निरोपच पुन्हा द्यायचा आणि घरातल्या पुरुषांनी तो बायकांना समजावायचा, ही पहिली. पैसे नाहीत, वेळ नाही. पण पहिल्या फेरीत हेच झाले होते. पुरुष दिवसभर मजुरीला बाहेर, आणि ‘दोन आठवड्यांनी पुन्हा’ एवढा तपशील संध्याकाळपर्यंत टिकत नव्हता.

दुसरी वाट कुर्मांजीची. आमच्यात दुहोकची एक परिचारिका होती. निनवेत शबकांचे कुर्द शेजारी बहुतेक कुर्मांजी बोलणारे, त्यामुळे खालांना सोरानीपेक्षा ती ओळखीची असेल, असे तिचे म्हणणे. ते खरे निघाले. तिचे बोलणे खालांना सोरानीपेक्षा जास्त कळले. वंशावळीत सोरानी आणि कुर्मांजी शबकीपासून सारख्याच लांब असल्या तरी कानावर पडणारी भाषा बाजाराच्या रस्त्यावरून येते.

तिसरी वाट मी सुचवली आणि तिच्यासाठी भांडले. हलब्जाकडची एक हवरामी बोलणारी परिचारिका दुसऱ्या छावणीत होती. कुळाने सर्वांत जवळची भाषा, प्रशिक्षित माणूस, स्त्रीचा आवाज. कागदावर याहून चांगले काही नव्हते. तिला एक दिवस मागून घेतले. खालांनी तिचे ऐकले, तिचा हात हातात धरून ठेवला. मग म्हणाल्या, ‘हिचं बोलणं माझ्या आजीच्या वेळचं वाटतं. पण ती मला काय करायला सांगतेय?’ ओळखीचे शब्द येत होते, वाक्य हाती लागत नव्हते. हवरामीची क्रियापदे, तिचे डोंगरी उच्चार, दोन्हींतले शतकानुशतकांचे वेगळे उसने शब्द. शबकी अरबीच्या आणि तुर्कीच्या शेजारी वाढली, हवरामी फारसीच्या आणि सोरानीच्या. औषधाचे, आजाराचे, दिवस-तारखांचे शब्द नेमके या उसन्या थरातले असतात. मी कुळावरून समजुतीचा अंदाज बांधला होता आणि तो चुकला. बारा दिवसांतले तीन त्यात गेले.

चौथी वाट ओळीतच होती, शब्दांची यादी सांगणारी ती शिक्षिका. तिच्याकडे आम्ही आधी का गेलो नाही? ती प्रशिक्षित दुभाषी नव्हती, संस्थेच्या यादीत तिचे नाव नव्हते, आणि शबकीत लिहिलेला निरोप तपासणार कोण, असा प्रश्न वरच्या कार्यालयातून आला. तिन्ही आक्षेप खरे होते. तरी तिच्या शेजारच्याच तंबूत बसून मी हलब्जाला फोन करत होते, हे मला आजही बोचते.

काय केले

आधी कार्ड बदलले. दोन चौकटी काढल्या, ‘भाषा’ हा शब्दच काढला. कार्डावर नाव, वय, तंबूचा क्रमांक आणि डोसची तारीख एवढेच ठेवले. भाषेची माहिती स्वयंसेवकाने वेगळ्या वहीत लिहायची आणि दोन साधे प्रश्न विचारायचे: घरात काय बोलता? बाहेरच्या कोणाचे बोलणे नीट कळते? उत्तर त्यांच्याच शब्दांत. एकाच घरात पहिल्या प्रश्नाला ‘शबकी’, ‘कुर्दी’ आणि नुसते ‘आमचं’ अशी तीन उत्तरे आली आणि तिघेही एकच भाषा बोलत होते. ‘आमचं’ हे उत्तर मला मोलाचे वाटले. किर्कुककडचे काकाई लोक आपल्या गोरानीला ‘माचो’ म्हणतात, म्हणजे ‘तो म्हणतो’. ज्या धातूपासून हा शब्द आला त्याच कुळातला आपला वच्, वाचा. भाषेचे नाव काय विचारले तर ‘आम्ही असं म्हणतो’ हेच उत्तर द्यायचे, यात काही उणे नाही.

मग ध्वनिमुद्रण. शिक्षिकेने अरबी पत्रक समोर ठेवून शबकीत मजकूर लिहिला. आयुष्यात पहिल्यांदाच ती शबकीत लिहीत होती. अरबी लिपीत प, च, ग नाहीत, म्हणून कुर्दीतली अक्षरे घेतली. लिहून झाल्यावर वाचून दाखवले, आणि खाला म्हणाल्या, ‘ही रेडिओ झाली.’ वाक्ये अरबी होती, शब्द तेवढे शबकी. ‘प्रतिबंधात्मक’, ‘लाभार्थी’ असल्या शब्दांना घरगुती जोड शोधताना ती अडखळली होती आणि शेवटी अरबीच ठेवले होते.

इथे निर्णय घ्यावा लागला. कागद तपासून मंजूर करायचा हा संस्थेचा नियम. मी कागद बाजूला ठेवायला सांगितले. तिला पाच गोष्टी तोंडी सांगितल्या: आजार काय, लस तोंडातून, दोनदा, दुसरी कधी, आणि नावे फक्त डोस मोजायला लिहितात, त्या वह्या लसीच्या टेबलाबाहेर जात नाहीत. ‘तुझ्या मावशीला सांगतेस असं सांग,’ एवढेच म्हटले. ती खालांकडे तोंड करून बोलली, खालांनी मध्ये प्रश्न विचारले आणि तेही मुद्रणात राहू दिले. तपासणीसाठी ओळीतल्याच दुसऱ्या दोन बायकांना ऐकवून त्यांच्याकडून परत सांगवून घेतले आणि ते अरबीत लिहून कार्यालयाला पाठवले. परवानगी मिळाली, उशिरा, पण मिळाली.

भोंगा लावायचा नाही असे ठरवले. गाडीची भीती आता आम्हाला माहीत होती, शिवाय तरुण मुलीचा आवाज छावणीभर घुमवणे तिच्या घरच्यांना रुचले नसते. ओळीच्या मुख्तारने, म्हणजे म्होरक्याने, सुचवले की फोनवरून पाठवा. व्हायबरवर आणि ब्लूटूथने ते मुद्रण तंबूतंबूत गेले. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्याकडे शिक्षिका आणि मी चालत गेलो. मुद्रणात भाषेचे नाव कुठेही घेतले नाही. ‘ही सूचना शबकीत आहे’ असे सुरुवातीला म्हणायचे कार्यालयाने सुचवले होते, कारण इतर मुद्रणांत तसे होते. आम्ही ते वगळले. ऐकणारीला ती कोणत्या भाषेत आहे हे सांगावे लागत नाही आणि त्या एका नावावरून ओळीतच वाद झाले असते.

काय झाले

दुसऱ्या फेरीला खाला आल्या, दोन नातवंडे घेऊन. त्यांचा तो पहिलाच डोस होता, म्हणून त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी आणखी एक दिवस मागून घ्यावा लागला. पहिल्या फेरीत न आलेल्या बहुतेक बायका आल्या. काही आल्या नाहीत. एका घरात सुनेने नको म्हटले, आणि ते भाषेमुळे नव्हते. एक कुटुंब मधल्या काळात अर्बील शहरात भाड्याच्या खोलीत गेले होते.

हा बदल मुद्रणामुळे झाला, कार्डामुळे, की आम्ही घरोघर गेलो म्हणून, हे वेगळे काढता येत नाही. तिन्ही एकाच आठवड्यात झाले. माझा कल कार्डाकडे आहे. ओळीतल्या एका म्हाताऱ्या पुरुषाने नवे कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, ‘तो प्रश्न कुठे गेला?’ नाही म्हटल्यावर त्याने ते खिशात ठेवले.

आता वेगळे काय केले असते

कार्ड छापायच्या आधी ते ओळीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवले असते. कागदावर निर्दोष दिसणारा रकाना टेबलावर कसा विचारला जातो, हे मला छावणीत आधीच्या कामातून माहीत असायला हवे होते. २००५ च्या इराकी राज्यघटनेत अरबी व कुर्दी या राजभाषा आहेत, तुर्कमेन आणि सुरयानी यांना त्यांच्या वस्तीच्या भागांत स्थान आहे. शबकीचे नाव त्यात नाही. संसदेत मात्र निनवेतून शबकांसाठी एक जागा राखीव असते. म्हणजे समाज मोजला जातो, भाषा नाही. माझ्या दोन चौकटी या चालत आलेल्या यादीतूनच आल्या होत्या आणि मी त्या न तपासता उतरवल्या.

हवरामीचा प्रयोग मी पुन्हाही केला असता, पण एका तासात. परिचारिकेला दिवसभर बोलावण्याऐवजी तिच्याकडून फोनवर पाच वाक्ये मागवून खालांना ऐकवली असती तर तीन दिवस वाचले असते. आणि कुर्मांजीची वाट मी फार लवकर सोडली. शिक्षिका मिळाली नसती तर दुहोकच्या परिचारिकेचा आवाज हा बरा आधार होता. कुळाच्या अभिमानापायी मी तिच्या अनुभवाला कमी लेखले. तिला मी ते नंतर सांगितले.

एक गोष्ट मला करता आली नाही. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतयादीत शबकीला स्वतःचा तीन अक्षरी संकेत आहे, ‘एसडीबी’. सारलीला वेगळा आहे, बाजलानीला वेगळा, गोरानीला वेगळा. इतके तुकडे करावेत का यावर बोलता येईल, पण निदान जागा आहे. आमच्या माहितीसाठ्यात ती नव्हती. मी दोनदा लिहिले. उत्तर आले की यादी सर्व छावण्यांसाठी एक आहे, मधेच बदलता येत नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये बर्तल्ला आणि आसपासची गावे मुक्त झाली आणि ओळ हळूहळू रिकामी होऊ लागली. शिक्षिका आपल्या घरच्यांबरोबर गेली. जाण्याआधी ती मूळ मुद्रण मागायला आली होती. मी फाईल तिच्या फोनवर टाकली आणि नाव काय देऊ म्हणून विचारले. तिने फोन हातात घेतला, थोडा वेळ थांबली आणि अरबी अक्षरांत लिहिले, ‘खालाशी बोलणे’. कार्यालयाच्या संगणकावर तीच फाईल ‘कुर्दी, इतर’ या नावाने ठेवलेली होती.